बांड्या शेळीच्या नऊ मुठी

आमच्या आत्यांचा एक नियम होता. शेळी गाभण राहिली की शेवटच्या दीड महिन्यात तिच्यापुढं हात आखडता घ्यायचा. जास्त खाल्लं की पोटातलं पिल्लू थोर होतं, आणि थोर झालं की अडतं. हा नियम त्यांना त्यांच्या सासूनं दिला होता, त्या सासूला तिच्या सासूनं, आणि या सगळ्या देण्याघेण्यात शेळीचं मत कुणी विचारलेलं नव्हतं. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. महाळुंग्याच्या जुन्या घरांतून सून सासूला आत्या म्हणते आणि सासऱ्यांना मामा. मी मूळची दापोडीची, रेल्वेच्या रुळांलगतच्या गल्लीत वाढलेली. लग्न होईपर्यंत शेळी मी फक्त खाटकाच्या दाराशी बांधलेली पाहिली होती.

मी कंपनीत तपासणीच्या टेबलावर असते. दिव्याखाली रबरी रिंगा फिरवून बघायच्या, चीर दिसली की लाल डब्यात टाकायची. इतकी वर्षं हेच केल्यामुळं कुठंही चूक दिसली की माझा हात लाल डब्याकडं जातो. नवऱ्याचं म्हणणं असं की स्वभाव आधीपासूनच तसा होता, कंपनीनं फक्त त्याला पगार चालू केला.

आमची शेती कंपन्यांच्या कुंपणांत गेली, गोठा तेवढा राहिला. आत्या आपल्या तीन शेळ्या घेऊन सकाळी निघायच्या. दोन शेडच्या मधले मोकळे प्लॉट, रस्त्याची कडा, डोंगराच्या बाजूला उरलेलं थोडं गायरान. पावसाळ्यानंतर तीन-चार महिने चंगळ असायची. होळी झाली की सगळं पिवळं पडायचं, वर ट्रकांची धूळ. शेळ्या दिवसभर ते कुसळी गवत ओरबाडायच्या आणि संध्याकाळी टम्म पोटानं परत यायच्या. पोट टम्म आणि पाठीचा कणा मात्र खुंटीसारखा वर आलेला. मला ते कोडंच वाटायचं.

आदल्या उन्हाळ्यात दोन शेळ्या व्यायल्या आणि तीन पिल्लं झाली. एकही नीट उभं राहिलं नाही. आयांच्या कासेत दूधच नव्हतं. आत्यांनी बाटलीनं पाजलं, पदराखाली ऊब दिली, दृष्ट काढली. चार दिवसांत तिन्ही गेली. आत्या दोन दिवस जेवल्या नाहीत, आणि ज्यांच्या तोंडाचा पट्टा कुणाला थांबवता येत नाही त्या आठवडाभर गप्प होत्या. पुढच्या वर्षी तिघींपैकी फक्त बांडी गाभण राहिली. बांडी म्हणजे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची, घरातली सर्वांत आगाऊ शेळी. आत्यांनी तेव्हा आम्हांला जेवताना सांगून टाकलं, "यंदा हिची पिल्लं जगली न्हाईत तर तिन्ही शेळ्या बाजारात सोडायच्या. माझ्यानं आता बघवत न्हाई."

मामांनी भाकरीचा तुकडा तसाच हातात धरला. आत्या उठून गेल्यावर मला म्हणाले, "शेळ्या गेल्या तर ही घरात बसंल. आन ही घरात बसली तर मला गायरानात जावं लागंल." बोलले हसत, पण त्यांचा चेहरा हसत नव्हता. लग्नात आत्यांनी माहेरून एक शेळी आणली होती, आणि गोठ्यातल्या तिन्ही तिच्याच वंशातल्या. त्या विकायच्या म्हणजे काय, ते मामांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

त्याच आठवड्यात लसी टोचायला सरकारी डॉक्टर आले. जनावरांचे डॉक्टर, स्कूटरवर फिरणारे, घामेजलेले, पण बोलायला गोड. बांडीच्या पाठीवरून हात फिरवून त्यांनी विचारलं, "हिला खायला काय?"

"चरती की दिसभर. पोट बगा की," आत्या म्हणाल्या.

"पोट भरतंय, अंग भरत नाही. कसं असतं आजी, शेळीच्या पोटात एक कंपनी चालते. बारीक बारीक जीव कामाला असतात, ते गवत फोडतात. त्या कामगारांना प्रथिनं लागतात. या दिवसांतल्या गवतात ती नसतातच. डबा नसला तर शिफ्ट चालत नाही, कच्चा माल नुसता पडून राहतो. मग पोट फुगलेलं दिसतं आणि शेळी आतून उपाशी."

माझं कोडं सुटलं. एवढं सरळ मला कंपनीतल्या साहेबानंही कधी समजावलं नव्हतं.

डॉक्टर पुढं म्हणाले, "आणि हिचा शेवटचा दीड महिना. पोटातली पिल्लं आता वाढणार, दूध आता तयार होणार. रोज दोन मुठी शेंगपेंड द्या. मुठीनं सुरू करा, हळूहळू दोन. त्याच्या वर नाही. जोडीला सुबाभळीचा पाला, बाभळीच्या शेंगा. कंपन्यांच्या भिंतीला सुबाभूळ आहे की तुमच्याकडं पैशापासरी."

आत्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आन अडली तर? हात तुमी घालणार का?"

"घालीन की."

"मग घाला तवा. आमी न्हाई देत पेंड," आत्यांनी विषय संपवला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आता इथं मला माझी एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे, कारण त्या आगीत ती होती.

माझ्या पोटात लेक होती तेव्हा हाच नियम मला लागला होता. आठव्या महिन्यात माझी आई दापोडीहून शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा घेऊन आली. आत्यांनी तो हसतमुखानं घेतला आणि वरच्या फळीवर ठेवला. "बाळंत झाली की खाईल," म्हणाल्या. भाकरी एक, भात मोजका. मी तोंडाची फटकळ, पण तेव्हा नवी होते, आणि भूक लागली म्हणायची लाज वाटायची. मी मूग गिळून बसले. लेक झाली ती एवढीशी. तिला काही दिवस काचेच्या पेटीत ठेवलं होतं, आणि मी त्या काचेला कपाळ लावून उभी असायचे. आता ती माझ्याहून उंच आहे आणि जीभ माझ्याहून लांब, तेव्हा रडण्यासारखं काही उरलेलं नाही. पण तो डबा मी विसरले नव्हते. आत्यांशी माझं भांडण भाजीच्या फोडणीवरून झालं तरी माझ्या मनात वादाला तो डबाच असायचा.

तर मी ठरवलं, तेव्हा माझ्यासाठी बोलले नाही, आता शेळीसाठी बोलायचं. आणि बोलून उपयोग नसेल तर न बोलता करायचं.

कंपनीची बस मला चाकणला सोडते, तिथून मी सहा आसनी रिक्षानं घरी येते. रिक्षा थांबते तिथं समोरच एका चाचांचं पेंडीचं दुकान आहे. तीन पिढ्यांचं दुकान, दाढी मेंदीनं रंगवलेली, आणि गिऱ्हाइकाच्या आधी त्याच्या जनावराची चौकशी करायची पद्धत. मी शेंगपेंड मागितली आणि म्हटलं, "चाचा, आमच्या घरचं कुणी आलं तर बोलू नका हं."

"ताई, हमारा धंदा पेंडीचा, बातम्यांचा नाही," चाचा म्हणाले. पेंड बांधता बांधता मात्र त्यांनी विचारलं, "घरी शेळ्या किती आहेत?" मी म्हटलं, तीन, त्यातली एकच गाभण. "एकच?" असं म्हणून ते जरा वेळ माझ्याकडं बघत राहिले आणि मग दोरा तोडला. त्या बघण्याचा अर्थ मला पुढं कळला.

पेंड मी जुन्या कूलरच्या पोटात लपवली. पहिल्या पाळीला मी सव्वापाचला घर सोडते. त्याआधी गोठ्यात जाऊन बांडीला देऊ लागले, आधी मूठ, मग दीड, मग दोन. मूठ भरताना मी रिंग तपासावी तसा दिवा धरून खडा-माती बघायचे. बांडी माझ्या चपलेचा आवाज ओळखू लागली. पंधरा दिवसांत तिच्या अंगावर तकाकी आली, कणा दिसेनासा झाला. मी मनातल्या मनात डॉक्टरांना पास केलं.

मग एका संध्याकाळी आत्या बांडीला खाजवत मला म्हणाल्या, "बग. उपास मानवला हिला. म्या सांगत व्हते."

मी नुसते दात-ओठ खाल्ले. माझ्या पेंडीवर शेळी बाळसं धरते आणि श्रेय उपासाला. मी म्हटलं, "हो ना आत्या. मलाही मानवला होता." आत्यांनी माझ्याकडं बघितलं आणि हात खाजवता खाजवता थांबला. मामा लगबगीनं मधे पडले. "गायरानालाच यंदा चव हाय," म्हणाले. त्या पिवळ्या कुसळाला चव आहे हे मामांना कुठून कळलं, ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

बांडी आता आम्हां तिघांच्याही मागं फिरायची. आत्या दिसल्या की पदराला नाक लावायची, मामा दिसले की खिशाला. मला वाटायचं, जनावर अंगानं भरलं की प्रेमळ होत असेल.

विण्याला आठ-दहा दिवस राहिले असतील. रविवार होता, मला सुट्टी. सकाळी मी बांडीजवळ गेले, तिचं एवढं मोठं पोट पाहिलं आणि वाटलं, आता दिवस भरत आले, दोनाच्या तीन मुठी केल्या म्हणून काय झालं. डॉक्टर म्हणाले होते दोनच्या वर नाही. कंपनीत मी मापात केसाएवढा फरक चालवून घेत नाही, पण प्रेमाच्या मापात माणूस सगळे नियम गुंडाळून ठेवतो. दिली तिसरी मूठ.

चार वाजता आत्यांची हाक आली. बांडी गोठ्यात पाय झाडत होती, दात खात होती. तिची डावी कूस इतकी फुगली होती की टिचकी मारली तर ढोलासारखी वाजली असती. आत्या तिच्या गळ्याला मिठी मारून बसल्या होत्या. नवऱ्यानं फोन लावला, डॉक्टर स्कूटर दामटत आले. आले ते सुट्टीच्या कपड्यांत, पायात चपला.

त्यांनी कुशीवर हात ठेवला आणि विचारलं, "काय खाल्लंय हिनं?"

आत्या म्हणाल्या, "काय न्हाई. सुकं गवत."

"सुक्या गवतानं पोट असं फुगत नाही. आजी, खरं सांगा. चुकीचं औषध गेलं तर ही जाईल आणि पोटातलीही जातील."

मी म्हटलं, "डॉक्टर, पेंड मी दिली. रोज दोन मुठी देत होते. आज तीन दिल्या." हे म्हणताना मी आत्यांकडं बघितलं नाही. माझ्या हातानं त्यांची शेळी मरणार, एवढंच डोक्यात होतं. पंधरा वर्षांचा राग होता, तो त्या मिनिटाला कुठं गेला कोण जाणे. मला फक्त भीती वाटत होती.

डॉक्टर म्हणाले, "तीन मुठींनी एवढं होणार नाही. अजून काहीतरी आहे."

मामा खाकरले. "तीन माझ्याबी हायेत. रोज सांच्याला दोन देत व्हतो, ही चुलीपाशी गेली की. आज शेळ्या लवकर परतल्या, तवाच दिल्या, जरा वाढवून. आन पावण्याच्या मळ्यातनं लसूणघास आणला व्हता, ओला. एक पाटी."

"पाटी?" डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "सहा मुठी झाल्या. आणि वर ओला लसूणघास."

बांडी कण्हत होती. आत्यांनी तिच्या गळ्यातला हात काढला, पदराचं टोक उलगडलं आणि डॉक्टरांसमोर धरलं. त्यात पेंडीचा चुरा चिकटलेला होता.

"नऊ," आत्या म्हणाल्या. "दुपारच्याला गायरानात. दोन देत व्हते, आज तीन दिल्या."

मी आत्यांकडं बघितलं, आत्यांनी मामांकडं, मामांनी छताकडं. एकाच दिवशी तिघांच्या मनात तिसऱ्या मुठीची बुद्धी यावी, हे या घरात पहिल्यांदाच झालेलं एकमत होतं.

डॉक्टर हसले नाहीत, वेळच नव्हता. गोडेतेलात खायचा सोडा कालवायला लावला, तो पाजला, बॅगेतलं औषध दिलं. पुढचे पाय ओट्यावर चढवून बांडीला उभं केलं आणि कूस चोळायला सांगितली. मामा धरून होते, मी आणि आत्या दोन बाजूंनी चोळत होतो. मधूनच दोघींची बोटं एकमेकींना लागायची. मग तिला अंगणात फिरवलं, परत चोळलं, परत फिरवलं. तास गेला असेल. मग बांडीनं मान लांब केली आणि असा एक ढेकर दिला की शेजारची बाई दारात आली.

मी आयुष्यात कुणाच्या ढेकरावर रडले नव्हते, त्या दिवशी रडले. आत्याही रडत होत्या. मामा म्हणाले, "अति तिथं माती," आणि आम्ही दोघींनी एकदम त्यांच्याकडं अशी नजर टाकली की ते बादली भरायला निघून गेले.

जाताना डॉक्टर म्हणाले, "सहा मुठी तिनं कशाबशा पेलल्या, तिचं नशीब. तीन दिवस पेंड बंद. मग परत मुठीपासून, आणि घरातल्या एकाच माणसानं."

दुसऱ्या दिवशी मी चाचांच्या दुकानात जाऊन उभी राहिले. त्यांनी माझा चेहरा बघून ओळखलं. "ताई, तिघंही येत होता. तिघांनीही सांगितलं, घरी बोलू नका. मी जबान दिलेली, काय करू?" वर विचारलं, "शेळी ठीक आहे ना?" ठीक आहे म्हटल्यावर त्यांनी आभाळाकडं बघून हात जोडले आणि मला फुकट चहा पाजला.

एकाच माणसानं द्यायचं म्हटलं तर ते आत्यांचं काम, यावर वाद झाला नाही. मला मात्र राहवेना. कंपनीत असतो तसा तक्ता मी गोठ्याच्या दारावर खडूनं आखला, वार लिहिले. पेंड दिली की खूण करायची, म्हणजे पुन्हा घोटाळा नको. मामा म्हणाले, "उंटावरनं शेळ्या हाकती ही दापोडीवाली." आत्यांना लिहिता येत नाही. त्यांनी रोज त्या चौकटीत एक टिंब काढायला सुरुवात केली, आणि मी कामावरून आले की आधी टिंब बघायचे.

मला एक गोष्ट मात्र विचारायची होती. एका दुपारी दारात सुबाभळीचा पाला ओरबाडत बसलो होतो तेव्हा विचारली. "आत्या, तुम्ही कधीपासून देत होता?"

"डाक्तर गेला त्याच्या दुसऱ्या दिसापासनं."

"मग सांगितलं का नाही? मला म्हणालात, उपास मानवला."

आत्या पाला ओरबाडत राहिल्या. "सुनंम्होरं नेम घातलेला. मोडू कसा?" म्हणाल्या. तेवढंच.

बांडी एका मंगळवारी दुपारी व्यायली. मी नुकतीच घरी आले होते, अंगावर कंपनीचाच शर्ट. डॉक्टरांना फोन करायची वेळच आली नाही. पहिलं आलं ते बोकड, मागोमाग दुसरी पाट, म्हणजे मादी. दोन्ही चांगली भरलेली, आणि अडलं कुठंच नाही. बोकड तर अंग चाटून होईपर्यंत धडपडत उभा राहिला, पडला, परत उभा राहिला आणि कासेला तोंड घातलं. आत्या गुडघ्यावर बसून बघत होत्या. पिल्लाच्या ओठांतून चीक सांडला तेव्हा त्यांनी तो बोटावर घेतला आणि बोट मला दाखवलं, जणू मीच तपासायला बसले होते.

"दूध हाय," म्हणाल्या.

"आहे की," मी म्हटलं.

आत्यांनी पाटीला उचलून दुसऱ्या सडाला लावलं. तिच्या ओल्या पाठीवर हात ठेवून, माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "तुझ्या आईचा डबा म्या फळीवर ठिवला व्हता."

मी बोकडाची पाठ पुसत राहिले.

"बांडीनं वरडून वरडून मागितलं. तू मागितलं न्हाईस. तू मागितलं असतंस तर…" त्या थांबल्या. मग मान हलवली. "न्हाई. तवा न्हाई दिलं असतं म्या. खोटं कशाला बोलू. पर द्यायला पायजे व्हतं. पोरीला त्या काचेत बगितली तवाच कळलं व्हतं मला."

पंधरा वर्षं मी या वाक्याची उत्तरं तयार ठेवली होती, एकाहून एक टोकदार. मी शर्टाच्या बाहीनं नाक पुसलं आणि म्हटलं, "आत्या, त्या बोकडाला जरा सरकवा, सगळं एकटाच पितोय." आत्या हसल्या आणि त्यांनी त्याला सरकवलं.

बाजाराचा विषय परत निघाला नाही. गोठ्यात आता पाच आहेत. पेंडीचे दिवस आले की दारावर खडूनं तक्ता येतो.

पण बांडी व्यायल्याच्या दुसऱ्या दिवसाची, बुधवारची गोष्ट राहिली. मी पहिल्या पाळीला निघाले, जाता जाता सवयीनं तक्त्याकडं दिवा मारला. बांडीच्या ओळीखाली कुणीतरी वाकडीतिकडी आणखी एक ओळ आखली होती आणि तिच्या पहिल्या चौकटीत ताजं टिंब होतं. आत्या चुलीपाशी उठलेल्या होत्या. मी विचारलं, "ही कुणाची? पाटीची का? तिला इतक्यात पेंड द्यायची नाही हं आत्या."

"ती तुझी हाय," आत्या म्हणाल्या. "पिशवी बग."

डब्याच्या पिशवीत, भाजीच्या डब्यावर, वर्तमानपत्रात गुंडाळलेला शेंगदाण्याचा लाडू होता. रिक्षात बसल्या बसल्या मी तो खाल्ला, चाकणचा चौक येईपर्यंत. तेव्हापासून रोज एक असतो. मी घरी आले की आत्या आधी माझी पिशवी उघडून बघतात, लाडू उरला तर नाही ना.